रुपालीने पायाने धरलेली झील

भांडगावची रुपाली कुरकुंभच्या कारखान्यात कामाला जाते आणि सुटीच्या दिवशी सासऱ्यांच्या धनगरी ओव्यांना इलेक्ट्रिक गिटारची साथ करते. हे सगळं जुळून यायला मात्र बराच काळ गेला.

सासरे तात्याबा पंचक्रोशीत नावाजलेले, नवरा मल्हार ढोलावर. तात्याबांनी ओळ टाकली की मागचे झीलकरी तिचं शेवटचं टोक उचलून लांबवायचे. पण कुणी थकलं, कुणी मुलाकडं चाकणला गेलं. उरला एकटा ईश्वर. त्याचा गळा चांगला, पण एकट्याच्या झिलीला भरीवपणा कुठून येणार?

दौंडच्या कॉलेजात गिटार शिकलेली रुपाली एकदा तात्याबांना म्हणाली, "आबा, ईश्वरमामांच्या जोडीला झील मी धरू? गिटारीवर?"

"धर की," तात्याबा म्हणाले. "सुरात असलं म्हंजी झालं."

गावात कुजबुज झाली. रुपालीने ती कानामागं टाकली. तिला घोर होता तो वेगळाच. मोकळ्या पटांगणात तिची गिटार बारीक आणि कोरडी वाजायची. मग तिला कोरस पेडलची माहिती मिळाली. पायाशी ठेवायची पत्र्याची पेटी. गिटारची वायर तिच्यातून गेली की एकाच सुराला किंचित मागंपुढं हलणारी जोड मिळते आणि बरेच जण मिळून वाजवत असल्याचा भास होतो.

"त्यात माणसं हायत व्हय?" तात्याबांनी विचारलं.

"तुम्हीच ऐका चला," म्हणत ती त्यांना पुण्याच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदाराने सगळ्यात महागडं पेडल जोडलं. रुपालीने तार छेडली आणि तिच्या अंगावर काटा आला. इतका भरलेला आवाज तिच्या हातून कधी निघाला नव्हता. तिने तात्याबांना गायला लावलं. ते आधी संकोचले, मग डोळे मिटून ओवी गाऊ लागले आणि मधेच थांबले.

"सूर हलतोय गं. मला पाय टेकायला जागा न्हाई."

तिने पेडलची बटणं फिरवून सुराच्या हलण्याचा वेग कमी केला, हेलकावाही कमी केला. तरी त्यांचा आवाज चाचपडतच होता. आणखी कमी केलं तर गिटार पुन्हा कोरडी. रुपाली हिरमुसली. तो आवाज तिला मनापासून हवा होता आणि आबांचा गळा तर त्याहून हवा होता.

मग तिच्या लक्षात आलं, की आबा गाताना झील नसतेच मुळी! ते श्वास घेतात, तेव्हा झील उठते. पेडल कायम चालू कशाला ठेवायचं? ते गातील तेव्हा बंद, थांबतील तेव्हा चालू.

तिने पायाने दाबून पाहिलं. महागडं पेडल चालू होताना आवाज एकदम उसळायचा, खट्ट वाजायचं. दुसऱ्याचंही तेच. कोपऱ्यातलं एक साधं निळं पेडल मात्र असं चालू व्हायचं की गिटारमागं कुणी अलगद येऊन उभं राहावं. तात्याबा पुन्हा गायले. या खेपेला थांबले नाहीत.

"हेच द्या," रुपाली म्हणाली.

वरवंडच्या जत्रेत देवळापुढं संध्याकाळी बैठक बसली. रुपालीने चपला काढून पेडल अनवाणी पायाखाली घेतलं. पहिल्याच ओळीला ती बिचकली, पाय वेळेवर पडला नाही. तात्याबांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी शेवटचं अक्षर तसंच लांबवत धरलं, सत्तरीतल्या छातीत होतं नव्हतं तेवढं बळ लावून, तिचा पाय पडेपर्यंत.

झील उठली. ईश्वरचा गळा त्यात मिसळला आणि माणसं एकट्या ईश्वरच्या मागं आणखी कोण गातंय म्हणून माना उंचावून बघू लागली. पुढच्या ओळीपासून तिचा पाय चुकला नाही.

बैठक उठल्यावर केंदूरहून जत्रेला आलेल्या अनसाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "आमच्याकडं गायला कवा येता?" त्यांनी तात्याबांना विचारलं.

"आमच्या झीलकरणीला विचारा," तात्याबा म्हणाले. "तिची सुटी असंल तवा."