ओट्यावरचा काळा नारळ

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर कोयते उगारलेले पाहिले. त्या आठवणी येतात आणि जातात. पण दोन चिरे निखळलेला एक ओटा आणि त्यावर ठेवलेला नारळ काही डोक्यातून जात नाही.

मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम नुकतीच ओसरली होती. अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं आजही तिथे नांदत आहेत. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी उघडली होती. बाहेर जमादार एका बाईला दारातच अडवून हसत होता.

"साहेब, राखणदारावर फिर्याद आलीय," तो आत येऊन म्हणाला. "कोणतं कलम लावू?"

बाई त्याच्या मागोमाग आत शिरली. पन्नाशीची कोळीण, अंगाने काटक, आवाज बाजारात कमावलेला. "राखनदाराचं नाव मी घेतलं न्हाय, सायेब. मी म्हनलं, माझा वटा कोनी फोडला त्ये बगा. राखनदाराचं नाव गाव घेतंय."

जमादाराला बाहेर पाठवून मी तिला बसायला सांगितलं. ती जमिनीवर बसायला लागली, तेव्हा बाक दाखवला.

हकिगत अशी होती. बाईचा जन्म कोळीवाड्यात गेला. दर पावसाळ्यात उधाणाचं पाणी झोपडीत शिरायचं. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. सुकी मासळी डोक्यावर घेऊन तिने गावोगाव पायपीट केली, मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं आणि शेवटी वरच्या आळीत, रस्त्याला लागून एक छोटं कौलारू घर विकत घेतलं. मूळ मालक मुंबईला स्थायिक झाला होता. खरेदीखत रीतसर झालं होतं. सून गरोदर होती आणि तिचं बाळंतपण कोरड्या जमिनीवर व्हावं एवढीच बाईची इच्छा होती.

राहायला जाण्याआधी तिने घराला चुन्याची सफेदी केली. संध्याकाळी कुलूप लावून ती कोळीवाड्यात गेली. सकाळी येऊन पाहते तर ओट्याच्या कोपऱ्याचे दोन चिरे निखळलेले, पडवीचा खांब कलता झालेला आणि तिथेच हळदकुंकू वाहिलेला एक नारळ. नारळाच्या शेंडीला काळं फासलेलं.

म्हटलं तर नुकसान किरकोळ. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. पण दुपारपर्यंत गावभर झालं, की ती राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, फिरायची वाट आहे, त्याला बाईचं येणं रुचलं नाही आणि काळा नारळ म्हणजे ताकीद. सुनेच्या आईने लेकीला माहेरी नेलं. त्या घरात माझी पोर पाऊल ठेवणार नाही, असं तिने बजावलं.

"पोरगा बी म्हनतो, आये, घर देऊन टाक," बाई म्हणाली. तिथे तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "सायेब, मी इकत घेतलंय. कोनाचं लुटलं न्हाय."

"देऊन टाक म्हणजे कोणाला?"

"शेजारच्या खोतांना. त्ये म्हनतात, तुजं नुकसान नको, निम्म्यात मी घेतो, मी राखनदाराची शांत करीन."

मी टोपी उचलली आणि निघालो.

घर वळणावर होतं. त्याच्या बाजूने एक बोळ खोतांच्या वाडीत जात होता आणि बोळाच्या टोकाला झावळ्यांच्या शेडमध्ये त्यांची मोटार उभी असायची. आसपासच्या चार गावांत तेवढी एकच मोटार. बाईचा ओटा जिथे संपत होता, तिथूनच मोटारीला वळावं लागायचं. हे दृश्य आंधळ्यालाही दिसलं असतं. गावाला दिसत नव्हतं, कारण गावाला पाहायचंच नव्हतं.

खोत स्वतः पुढे आले. पांढरंशुभ्र धोतर, बोलणं मऊ. "फौजदारसाहेब, आपण शिकलेली माणसं. आपला यावर विश्वास नाही. पण लोकांच्या भावना असतात. ती गरीब बाई उगाच अडकली."

"आपली मोटार कुठे आहे?"

"पेणला पाठवलीय. इंजिनाचं काम निघालं."

मी पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला. चिरे पाहिले, खांब पाहिला. नारळाशी गाडं अडलं. तिसरा दिवस उजाडला होता, पण तो नारळ पडवीच्या आडोशाला जसाच्या तसा पडला होता. कोंबड्यासुद्धा लोकांनी हाकलून लावल्या होत्या. दोन्ही पंच चार पावलं मागे सरले. माझा हवालदार, सहा फुटी गडी, त्यालाही नेमका तेव्हाच खोकला आला.

"सायेब, हात लावू नका," बाईच म्हणाली. "करनीचा हाय."

मी उचलला. शेंडीवरचं काळं माझ्या बोटांना लागलं. काजळी म्हणावी तर ते चिकट होतं. नाकाशी नेलं आणि मला हसू आलं, मग लगेच संताप आला. ते मोटारीचं वंगण होतं. ज्या भीतीने सगळं गाव त्या बाईला हाकलत होतं, त्याच भीतीने तीन दिवस माझा पुरावा सांभाळला होता.

पण वंगणावरून मोटार सिद्ध होते, अपघात सिद्ध होत नाही. खोतांनी सहज म्हटलं असतं की कोणीतरी शेडमधून वंगण चोरलं. म्हणून मी खोतांच्या ड्रायव्हरला ठाण्यावर बोलावलं. तिशीतला, गावातलाच माणूस. मारझोडीवर माझा विश्वास नव्हता. मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं असेलच असं नाही. मी नारळ टेबलावर ठेवला आणि कागद चाळत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हटलं, "तो नारळ जरा उचलून त्या फळीवर ठेव."

त्याने हात पुढे केला नाही. त्यात नवल नव्हतं, सकाळपासून कोणीच केला नव्हता. मी विचारलं, "का? करणीची भीती वाटते?"

"न्हाय सायेब," तो पटकन म्हणाला. "एकदा दिलेला नारळ परत उचलत न्हाईत."

मी कागद बाजूला ठेवले. सगळं गाव त्या नारळाला करणी म्हणत होतं, ताकीद म्हणत होतं. हा एकटाच म्हणत होता, दिलेला नारळ.

"कोणी दिला?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. खाली बसला आणि बोलायला लागला. संध्याकाळी मालकांना घेऊन येताना त्याने वळण जवळून घेतलं आणि मडगार्ड ओट्यावर बसलं. तो थांबला. मागून मालक म्हणाले, चल पुढे, घर रिकामंच आहे. शेडमध्ये मोटार लावल्यावर त्याला राहवेना. राखणदाराच्या वाटेवर आपल्या हातून मोडतोड झाली, आता घरादारावर काही येईल. मोटारीच्या पेटीत नारळ होता. तो घेऊन आला, हळदकुंकू वाहिलं, पाया पडला. हात वंगणाचे होते, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"आणि सकाळी गावाने त्याला करणी ठरवलं तेव्हा?"

"मालकांनीच पैल्यांदा म्हनलं, बगा, राखनदार कोपला. मी बोललो आसतो तर नोकरी ग्येली आसती, सायेब."

म्हणजे खोतांना सगळं ठाऊक होतं! आपल्याच मोटारीने ओटा फोडला, आपल्याच ड्रायव्हरने भीतीने नारळ ठेवला, आणि ह्या गृहस्थाने त्या नारळाकडे बोट दाखवून एका विधवेचं घर गिळायची तयारी केली. कशासाठी, तर मोटार सुखाने वळावी म्हणून. त्यांचा राखणदारावर विश्वास असता तर मला एवढा राग आला नसता. विश्वास ड्रायव्हरचा होता. खोत त्याचा फक्त वापर करत होते.

पेणला गेलेली मोटार त्याच दुपारी वाडीच्या मागच्या बाजूला, झावळ्यांखाली सापडली. वाकलेल्या मडगार्डवर चुना आणि चिऱ्याची तांबडी माती. खोत तरीही हसले. "अहो, दोन चिऱ्यांसाठी एवढं?"

"दोन चिऱ्यांसाठी नाही," मी म्हणालो. "ते तुम्ही त्याच संध्याकाळी बसवून दिले असते तर मी इथे आलोच नसतो." माझा आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही. चावडीवर माणसं जमवून ड्रायव्हरचा जबाब आणि पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. खोत मान खाली घालून ऐकत होते, पण ती शरम नव्हती, ती अडचण होती.

कायद्याने काय झालं? बेदरकारपणे मोटार हाकल्याबद्दल ड्रायव्हरला दंड झाला. खोतांनी गवंडी लावून ओटा बांधून दिला. देवाच्या नावाने खोटं पसरवून बाईला बेघर करू पाहण्याला मला कलम सापडलं नाही, मी पुस्तक दोनदा चाळलं. आणि गाव? तीन दिवस तिच्या सावलीला न उभे राहणारे तेच लोक संध्याकाळी म्हणत होते, राखणदारानेच फौजदाराला बुद्धी दिली. बाईकडे जाऊन आमचं चुकलं असं म्हणणारा एकही निघाला नाही.

चुकलो, एक निघाला. ओट्याची पाहणी करायला गेलो होतो तेव्हा ड्रायव्हर आला. खोतांनी त्याला कामावरून काढलं होतं. हातात नारळ होता, या वेळी स्वच्छ. तो सवयीने ओट्याच्या त्याच कोपऱ्याशी वाकला.

"थांब," बाई दारातून म्हणाली. "कोनाला आनलास त्यो?"

तो गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. "राख..." म्हणून थांबला. मग हळूच म्हणाला, "तुला, आये. माजं चुकलं."

"मंग खाली कशाला ठेवतोस? माज्या हातात दे की."

तिने नारळ घेतला आणि तिथेच चिऱ्यावर आपटून फोडला. आत हाक मारली. सून बाहेर आली, पोट सावरत, कालच माहेराहून परतलेली. "खवून घे ग. कालवनाला व्हईल. ह्यो बी जेवनार हाय."

पुढे नोकरीत कितीतरी माणसं माझ्यासमोर देवाच्या आणाभाका घेऊन पश्चात्ताप सांगत राहिली. मी त्यांना एकच विचारत असे, ज्याचं नुकसान केलंस त्याच्या दारात गेलास का?