भिंतीला कॉलम नाही

रोज सकाळी सहाला मालनकाकी घराच्या चिऱ्याच्या भिंतीवर तळहात टेकवायच्या. गार लागली तर चपला घालून निघायच्या. रात्र उलटूनही कोमट लागली, तर आधी वहीच्या मागच्या पानावर तारखेसमोर एक टिंब, मग चपला.

तीन उन्हाळे नेहमीपेक्षा जास्त माणसं जात होती; पावस गावाच्या आसपास कुणी गेलं की त्या घरी जाऊन का ते विचारायचं, हे त्यांचं काम. सहा देशांत एकच अभ्यास, एकच फॉर्म, एकेचाळीस प्रश्न. सोबतची ऋतिका टॅबवर उत्तरं भरायची.

उत्तरही एकच. आंब्याच्या बागेतून आला, जेवला, झोपला, उठलाच नाही. अटॅक.

शेवटी काकी एक प्रश्न आपल्या पदरचा विचारायच्या : "जाण्याआधी शेवटचं साधं काय बोलले?" घरचे सांगायचे : पंखा गरम वारा मारतोय. खाट अंगणात टाक. ऋतिकाने माणसं गेल्याच्या तारखा काकींच्या वहीशी ताडून पाहिल्या. बहुतेक माणसं चार-पाच टिंबं ओळीने पडल्यावर गेली होती.

काकींनी हे कळवलं तेव्हा अभ्यासाचे पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "फॉर्ममध्ये भिंतीला कॉलम नाही, मालनताई. बाकी देशांतही हृदयच येतंय."

"तिकडं भिंतीला हात कोण लावतंय?"

सर हसले. मग म्हणाले, "पन्नास घरं करा. मग वर विचारतो."

काकी सुतकातच जायच्या. "तेरावं झालं की माणसं गेलेल्याला शहाणा करून सांगतात गो." पण सुतकाच्या घरचं पाणी त्यांना चालत नसे, आणि रडत्या माणसांपुढे स्वतःची बाटली उघडायची त्यांना लाज वाटे.

"काकी, उन्हाने मरणारी माणसं आपणच शोधतोय ना? प्या की घोटभर."

"मी काय बागेत फवारणी करतंय? बसून तर इचारतंय."

एप्रिलात ओळीने सहा टिंबं पडली. सातव्या दिवशी काकींनी तीन घरं घेतली. एकूण एकोणपन्नास झाली. शेवटच्या घरात त्यांनी एकच प्रश्न दोनदा विचारला. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना त्या फणसाखाली बसल्या. चेहरा लाल, पण कपाळावर घामाचा थेंब नाही. "चल, काय नाय," म्हणत उठल्या.

सकाळी त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदय लिहिलं.

चौथ्या दिवशी ऋतिका टॅब घेऊन त्यांच्या ओट्यावर बसली. काकींचे यजमान भागोजी समोर होते. एकेचाळीस प्रश्न झाले. बागेत नाही, पण उन्हातनं आली, जेवली, झोपली.

"काका, पाणी द्या."

"सुतक हाय गो बाय."

"असू दे. द्या."

ती तांब्याभर पाणी प्यायली. उठून भिंतीला हात लावला, आणि फॉर्मच्या तळाशी, भिंतीला रकाना नव्हता म्हणून शेऱ्यात, लिहिलं : भिंत कोमट. मग तिने बेचाळिसावा प्रश्न विचारला.

भागोजींनी रिकामा तांब्या उचलला.

"पिशवी ठेवलीन नि म्हणाली, 'बाटलीतलं पाणी तसंच ऱ्हायलंय, तापलंय. अळवाला ओता.'"