दुसरा पाट

आमचा समीर, माझा भाचा, शंभर मीटरचा विजेता, काल टीव्हीवर सरळ म्हणाला, "मी गे आहे, निखिलवर माझं प्रेम आहे." आज निखिलला घेऊन दारात हजर! पण वाऱ्यासारखा पळणारा हा पोरगा उंबऱ्याबाहेर वाकून बुटाची नाडी उगाच सोडत-बांधत राहिला, शर्यतीआधी वाकतो ना, अगदी तसा. मला वाटलं, मैदानावर निदान कुणी बार तरी उडवतं. घरात पाऊल टाकायला इशारा कोण देणार? ओवाळायला मी पाटही एकच मांडलेला. ताई, त्याची आई, तबक घेऊन आली, तिनं त्या एकाच पाटाकडे पाहिलं. मग एकदम माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय? दुसरा पाट आण की!" गुडघे विसरून मी जी धावले, तसा समीरही कधी धावला नसेल!