आण्णाला आणायला गोल वाटेनं

आण्णाला आणायचं होतं, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर गुडघे धरून धबधबे बघत हिंडायची हौस मला नाही.

माझी नात श्रुती इथं बेळगावात कंपनीत कामाला आहे. दसरा झाला तशी मोबाईल घेऊन बसली. जांबोटीच्या पुढं जंगलात एक गोल वाट आहे म्हणाली. आधी धबधबा, मग वर सड्याच्या पठारावरून डोंगर दिसतात, मग एक जुनं गाव, आणि फिरून परत रस्त्यावर. “सोपी आहे आज्जी. लहान पोरंपण जातात.”

“घाण्याचा बैलबी गोलच फिरतोय,” मी म्हणाले. “गाव कुठलं ते दाखव.”

दाखवलं तर माझं माहेर. तिथं माझा थोरला भाऊ, आण्णा, एकटा राहतो. वहिनी गेली, पोरगा गोव्याला. बाकीची घरं जंगलखात्याचा मोबदला घेऊन खानापूरकडं उठून गेली. आण्णाचे पाय सुजतात. दोनदा माणूस पाठवला, आला नाही. म्हटलं, आता आपणच जाऊन दंडाला धरून आणू. त्याच्या कपड्यांसाठी एक रिकामी पिशवी घेतली आणि निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगते. बेळगावातनं जांबोटीपर्यंत बस आहे. बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं. पुरुषांनी पैसे मोजावेत, आम्ही इतकी वर्षं मोजलेच. पुढं वडापची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली तरी हलत नाही. जांबोटीत इडली खाल्ली. गार होती, चटणी तिखट म्हणून उतरली. भाकरी घरनं न्या.

जंगलाच्या नाक्यावर नाव लिहून चिठ्ठी घ्यावी लागते. पावसाळ्यात धबधब्याकडं सोडत नाहीत, आधी चौकशी करून जावा. गार्ड पोरगेला होता. “अज्जी, यल्लिगे?” कुठं निघालीस म्हणून विचारलं त्यानं.

“तवरमनीगे,” मी म्हणाले. माहेरी.

तो चिठ्ठी लिहायचा थांबला. “तिथं आता कोण हाय?”

“जाऊन बघते.”

वाटेत जळवा आहेत. श्रुतीनं कसलं मलम आणलं होतं, वासाला चांगलं होतं. जळवांनाही आवडलं असावं. माझं सासर निपाणीचं, अर्धा जन्म तंबाखूत गेला. तंबाखू भिजवून पायाला चोळली की जळू तोंड लावत नाही. तिच्याही पायाला चोळली. नाक धरून बसली, पण बसली.

धबधबा मोठा आहे, खोटं कशाला बोलू. पोरं शेवाळावर उभी राहून फोटो काढत होती. आम्ही तिथं वाकळा धुवायचो. एक पोरगी धुता धुता वाहून गेली होती, ते मी श्रुतीला सांगितलं. मग ती कडेला गेली नाही.

सड्यावर चढताना तीनदा बसले. वरनं गोव्याच्या अंगाचे डोंगर दिसतात, एकामागं एक, निळे. श्रुती म्हणाली, “काय सुंदर आहे.” मी खाली गाव बघत होते. गाव सोडताना लोक कौलं आणि वासे काढून नेतात. नुसत्या भिंती उभ्या होत्या, आत रान माजलेलं. दोनचार छपरं तेवढी शाबूत.

आण्णा दारात बसून प्लास्टिकची खुर्ची दोन बांबूंना बांधत होता.

“आलीस व्हय तानी? पोरगी कुणाची?”

“माझ्या रावजीची. ऊठ, पिशवी आणलीया.”

“कशाला?”

“तुझी कापडं भरायला. तुला न्यायला आलोय.”

त्यानं गाठ आवळली. मग शेजारच्या घराकडं हनुवटी केली. “गंगू पडून हाय. ह्याच खुर्चीतनं दवाखान्याला नेली. त्यांनी घरी न्या म्हणून सांगितलं. आता एकदाच न्यायची, नदीकडं.”

आमच्या गावाला गाडीरस्ता कधी झालाच नाही. आजारी असो की मेलेलं, घरटी एका माणसानं खांदा द्यायचा, ही रीत. पूर्वी चौघं उचलायचे आणि चौघं बदलीला मागं चालायचे.

“बाप्ये किती उरलेत?” मी विचारलं.

“तिघं, आणि मी.”

“आरं, तुझं पाय बघ जरा.”

“पाय सुजल्यात. खांद्याला काय झालंय?”

श्रुती म्हणाली, “आजोबा, आम्ही बेळगावातनं माणसं पाठवतो की.”

“भाड्याची?” तो हसला. “पोरी, फोन लावायला सडा चढावा लागतोय. तुझी माणसं येईस्तोवर गंगूनं काय करायचं?”

मी गंगूकडं गेले. माझ्याच वयाची. आम्ही एकाच ओढ्यावर खेकडे धरले. वाकळेत काही आहे की नाही इतकी उरली होती. तिनं मला लगेच ओळखलं.

“आण्णाला न्यायला आलीस,” ती म्हणाली. विचारलं नाही. “जरा थांब गं. लई दिवस न्हाईत.”

“तुझ्या सवडीनं हो,” मी म्हणाले. “आमाला घाई न्हाय.”

आण्णानं आंबील पाजली आणि ओढ्यापर्यंत सोडायला आला. पुढची उतरण सोपी आहे, सावलीची आहे. पिशवी तशीच घडी करून परत आणली.

दिवाळीच्या तोंडावर आण्णाचा फोन आला. “पोचवली,” एवढंच म्हणाला. चार दिवसांनी गोणीत कापडं भरून आपणहून दारात हजर. डाव्या खांद्याला हा एवढा वळ.

आता तो इथंच असतो. गोळ्या चालू आहेत, पायाची सूज उतरली. गॅलरीत बसतो, विचारलं तर बोलतो. शेजारीण म्हणाली, “बरं झालं बाई, आणलात त्यांना.” मी व्हय म्हणाले. मला हवं होतं तेच झालं.

ती वाट सोपीच आहे, श्रुतीचं खरं. जावा. पण आण्णा आला आणि तिथं तिघं उरले. तिघांच्यानं कुणाला उचलणं होत नाही. परवा त्यातल्या एकाचा फोन आला होता. आधी आण्णाची तब्येत विचारली. मग म्हणाला, “आक्का, तुमच्याकडं एखादी खोली मिळंल काय? तिघांची.”