पहारभाऊची तिसरी परीक्षा

सगळे त्याला पहारभाऊ म्हणत. रूळ सरकवायची लोखंडी पहार त्याच्या हातात शोभायची, जशी राजाच्या हाती तलवार! पण तेच हात त्याला नडले. रेल्वेमार्गाच्या कामावर सुपरवायझर व्हायचं, तर परीक्षक प्रत्यक्ष कामावर येऊन बघतात: हा गडी काम करून घेतो का, चौफेर लक्ष ठेवतो का? पहारभाऊ दोनदा नापास झाला होता. दोन्ही वेळा कुणीतरी अडखळलं आणि यानं पहार हिसकावून घेतली. आज शेवटची संधी. हुकली, की जन्मभर मजुरांच्या टोळीतच!

बायकोने घरी कसून तालीम घेतली होती. ती कपाट सरकवायची आणि हा दारात उभा.

"अहो, हात मागे! नुसतं सांगा."

"अगं, बोट चेमटेल!"

"माझं बोट, मी बघीन. तुम्ही बोला!"

आता कामावर क्रेनला लटकलेला रूळ हळूहळू खाली येत होता. परीक्षक बाई बाजूला उभ्या होत्या. रूळ तिरका झाला, एका गड्याची पहार सटकली.

"भाऊ, या की!" टोळीतला एक खट्याळ ओरडला. "हात शिवशिवतायत, दिसतंय आम्हाला!"

"शिवशिवू देत! तू पहार आणखी खाली घाल!"

पहारभाऊने पाठीमागे मुठी आवळल्या. घामाने सदरा भिजला. पण तो वाकला नाही, म्हणूनच त्याला दिसलं. सगळ्यांचे डोळे रुळावर होते आणि इकडे वळता वळता क्रेनचा मागचा भाग हद्दीची दोरी ओलांडून शेजारच्या चालू मार्गाकडे निघाला होता!

त्याने जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली.

"थांब! सगळे मागे व्हा! क्रेन उलट फिरव... हळू... बस्स!"

क्रेन दोरीच्या आत आली. काही क्षणांतच शेजारून गाडी धडधडत गेली. क्रेनवाल्याने कपाळाला हात लावला.

बाईंनी विचारलं, "रूळ तिरका झाला तेव्हा मन पहारीकडे ओढ घेत नव्हतं?"

"खोटं कशाला बोलू, बाई? जीव सगळा तिकडेच होता. डोळे तेवढे फिरत होते."

"मला डोळेच बघायचे होते," बाई हसल्या. "पास!"

टोळीने एकच गिल्ला केला. काम आटोपल्यावर त्याने घरी फोन लावला, पण 'अगं... अगं...'च्या पुढे गाडीच सरकेना.

"अहो, काय झालं? बोला ना!"

"वहिनी, भाऊ सुपरवायझर झाले!" मागून टोळी गरजली.

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, आणि फोन तसाच हातात धरून ती अख्ख्या गल्लीला हाका मारत सुटली.