क्लेअर मॅडम आणि सतरा टेक

शूटिंग संपलं की युनिट पांगतं, किस्से मात्र पांगत नाहीत. मी वाईचा ड्रेसमन. कपड्यांच्या पेट्या उघडल्या की तुटक्या बटणांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. त्यातले निम्मे क्लेअर मॅडमचे!

मॅडम लंडनच्या. तिकडे दोन पिक्चरच्या हिरॉईन. आमच्याकडे कलेक्टरची मड्डम व्हायला आल्या. मायदेशी परतायला नकार देताना मराठीत एकच वाक्य होतं, "आमी न्हाई जाणार!" सतरा टेक झाले. डायरेक्टरसाहेब डोकं धरून म्हणाले, "मॅडम, मातीतलं वाटत नाही हो!" शेवटी दुसऱ्याच बाईचा आवाज डब केला.

प्रॅक्टिस घ्यायला जनरेटर व्हॅनवरचा संभाजी होता, रहिमतपूरचा. वाक्य काही जमलं नाही, पण मास्तर जमला!

दोघांच्या लग्नानंतर चारच दिवसांनी राहिलेला सीन. मड्डमच्या हातात हिरवा चुडा! मी म्हटलं, "काढा." सासूबाई शेजारीच उभ्या. "हात तर लावून बघ!" मी मुकाट्यानं माप घेऊन लांब हातमोजे शिवले. पुढं पेपरात छापून आलं, 'वेशभूषा अभ्यासपूर्ण'.

गावात कुजबुज सुरू झाली. "पिच्चरवाली हाय, चार महिन्यांत उडून जाईल." सासूबाई धास्तावल्या. त्यांनी सुनेचा पासपोर्ट ज्वारीच्या डब्यात पुरला. दळण काढताना तो मॅडमनाच सापडला. त्यांनी झटकून सासूबाईंच्याच हातात दिला. "आत्या, हितं किडं लागत्यात. तुमच्या ट्रंकंत ठिवा." हे सांगताना सासूबाई आजही डोळे पुसतात.

यंदा साहेबांना नव्या पिक्चरसाठी मॅडमच हव्या होत्या. शूटिंग सहा महिने, तेही लंडनला! फोनवर मॅडमनी तीनदा नाही म्हटलं. पण साहेबांना 'नाही' ऐकूच येत नाही. मला घेऊन त्यांनी थेट रहिमतपूर गाठलं.

अंगणात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजणं चाललेलं. बायकांची तोंडं पदरात, हात तिखटानं लाल. साहेबांना शिंकांवर शिंका, डोळ्यांना धार! तशातच त्यांनी कढईपाशी बसलेल्या बाईला विचारलं, "क्लेअर मॅडम आहेत का?"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

बाईनं मानही वर केली नाही. "न्हाईत. त्या कवाच गेल्या की विलायतेला! तुमी लय उशीर केला बगा."

त्या हातांचं माप मी घेतलेलं. मी साहेबांना गाडीकडं वळवलं.

गाडीत साहेब बराच वेळ डोळे पुसत बसले. मग म्हणाले, "मॅडम गेल्या तर गेल्या रे. पण त्या कढईवरच्या बाईचा आवाज ऐकलास? अस्सल मातीतला! डबिंगला येते का, विचारून ठेव!"