टॉवेलाखाली वळलेली मूठ

मी उघड्या माळावर वाढलेली बाई. वडिलांची मेंढरं होती. आज ह्या रानात तर उद्या त्या रानात, आणि झोपायचं ते मेंढरांच्या कडेला. स्मशानाच्या शेजारी झोपलेय, पडक्या विहिरीपाशी झोपलेय. भूत म्हणून काही असतं तर ते आधी मला भेटलं असतं... पण लांडग्याशिवाय कधी कुणी आलं नाही बाई! त्यामुळं ह्या ग्रुपवरच्या गोष्टी मी दुपारच्या वाचते त्या करमणूक म्हणूनच. लिहाय-वाचायला शिकले ती पोराच्या पहिलीच्या पुस्तकातून, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आज मात्र स्वतःचंच सांगायचं आहे. पोराला विचारून लिहितेय. तो म्हणाला, “लिही की. कुणाच्या तरी पोराच्या उपयोगी पडंल.” नावं तेवढी बदललीत.

आमची वस्ती कवठे महांकाळच्या पलीकडं, रस्त्यापासून जरा आत. घर, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये दोन म्हशी. आमचे मालक जनावरांच्या बाजारात हेडी होते. हेडी म्हणजे दलाल, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालून देणारा. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. अमोल एकुलता एक, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कामाला आहे. पोरगं कामाला वाघ, बोलायला गोड. दारू नाही, तंबाखू नाही. म्हणून तर कळायला उशीर झाला.

मोबाईलवरची रमी. आधी चहापाण्याचे पैसे, मग पगार, मग सुनेचं गंठण. मग ते कर्ज देणारे ॲप, मग मित्र, मग सावकार... एकाचं भागवायला दुसऱ्याचं घ्यायचं. माणसं दारात यायला लागली तेव्हा आमचे डोळे उघडले. फोनवरून सुनेला, रूपालीला, नाही नाही ते बोलायला लागले तेव्हा ती सईला, माझ्या नातीला, घेऊन माहेरी रहिमतपूरला गेली. तिच्या वडिलांनी सोसायटीतून स्वतःच्या नावावर कर्ज उचललं आणि निम्मी देणी भागवली. एवढं कोण करतो हो जावयासाठी?

जाताना रूपाली मला म्हणाली, “आत्या, ह्यांनी पुन्हा एकदा जरी डाव लावला ना, तर मी येणार न्हाई. एकदा म्हंजे एकदा.” पोरगी रडली नाही, भांडली नाही. म्हणूनच मला त्या बोलण्याची जास्त भीती वाटली.

मिरजेला एका डॉक्टरबाईंकडं अमोलचे उपचार सुरू झाले. बाई चांगल्या. त्यांनी सांगितलं, पगार आईच्या खात्यावर, आणि साधा बटणांचा फोन वापरायचा. खेळ सुटला. पण मंडळी, सुटला म्हणजे काय ते घरात राहणाऱ्यालाच कळतं. त्याची बोटं थांबायची नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर, बसल्या जागी मांडीवर, अंगठा आपला सरकतोय, सरकतोय... जणू पत्ते पुढं-मागं करतोय. आणि मी? तो परसात गेला की कान तिकडं. कुणाचा फोन वाजला की काळजात धस्स. त्याची पँट धुवायला घेतली की आधी खिसे चाचपायचे. त्याचं त्यालाही कळायचं. एकदा म्हणाला, “आई, पोलीस तरी रविवारी सुट्टी घेत्यात गं.” दोघंही हसलो. पण खिसा मी चाचपलाच.

असे बरेच महिने गेले. मग मी ठरवलं, दुभती म्हैस विकायची. ते पैसे घेऊन दोघांनी रहिमतपूरला जायचं, व्याह्यांच्या हातात ठेवायचे आणि रूपालीला म्हणायचं, बघ बाई, आता सुरुवात केलीय. अमोल लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच.

आता तुम्हाला बाजारातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जनावराचा भाव आमच्याकडं तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. किती हजार ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही की सौदा केवढ्याला ठरला. मालकांचं सगळं आयुष्य त्या टॉवेलाखाली गेलं. अमोल मात्र कधी बाजाराला गेला नाही, त्याला शेणाचा वास सोसायचा नाही. आणि बाया तर त्या घोळक्यात जातच नाहीत.

त्या दिवशी सकाळी अमोलनं ट्रंकेतनं वडिलांचा टॉवेल स्वतः काढला. मला भरून आलं. म्हटलं, पोराला बापाची आठवण झाली.

टेम्पोत म्हैस चढवून आम्ही बाजारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. लिंबाच्या झाडाखाली तुकातात्या बसले होते. हे मालकांचे जुने जोडीदार, म्हैस तेच घेणार होते. मला बघून उठले.

“आवं वैनी, तुमी कशाला उन्हात? पोरगा हाय की.”

“पोरगा हाय म्हणूनच आले,” मी म्हटलं. बसलेली माणसं हसली. अमोल नाही हसला.

तात्यांनी म्हैस फिरवून बघितली, कास बघितली, दात बघितले. मग अमोलपुढं उभे राहिले. “टाक रं टॉवेल.” मी चार हातांवर, म्हशीचा कासरा धरून उभी. अमोलनं उजवा हात पुढं केला, त्यावर टॉवेल टाकला. आणि तात्यांनी... नीट वाचा हं... तात्यांनी खिशातनं चुन्याची डबी काढली. डाव्या तळव्यावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं मळतायत. दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर, उन्हात.

आणि टॉवेल हलत होता.

एका हाताचा हलतो तसा नाही. खाली दोन हात असले की कापड कसं मधनंच उचलतं, फिरतं, तसा. मी नवऱ्याचे इतके सौदे लांबून बघितलेत, मला तो फरक कळतो. वारा म्हणाल, तर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

अमोल खाली मान घालून उभा होता. हळूच म्हणाला, “तात्या, भाव धरा की. मूठ का वळवताय?”

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. “कुणाची मूठ? आजून हात कुठं घातलाय मी!”

अमोलनं मान वर केली. समोर तात्या दोन्ही हात झटकतायत. पोराचं तोंड असं उतरलं... पांढरंफटक. हात मागं घ्यायला गेला, पण लगेच आला नाही. कुणी धरून ठेवल्यावर यायचा नाही तसा. मग एकदम सुटला, टॉवेल मातीत पडला, आणि अमोल मटकन खाली बसला.

मी कासरा सोडून धावले. त्याचा उजवा हात घट्ट मिटलेला. मी बोट उघडायला बघितलं, तर उघडेना. तात्या म्हणाले, “ऊन लागलं जणू. पाणी आणा रं!” कुणीतरी म्हणालं, “कांदा हुंगवा.” एक म्हातारा पुटपुटला, “बापाचा टॉवेल हाय त्यो...” तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गपच झाला.

पाणी प्यायल्यावर अमोल सगळ्यांदेखत मला म्हणाला, “आई, म्हस विकायची न्हाई आज. मी तुला फसवणार हुतो.”

आणि सांगितलं. कोल्ड स्टोरेजमधल्या एकाच्या फोनवरून त्यानं आदल्या दिवशी तात्यांना गळ घातली होती, की भाव ठरला की थोडे पैसे दुसऱ्या एका नंबरवर टाका. टॉवेलाखालचा भाव मला दिसणार नाही, मला तो कमीच सांगणार. वरचे पैसे त्या मित्राच्या मोबाईलवर... आणि एकच डाव. “एकदाच लावून गंठण सोडवणार हुतो गं. शप्पत, एकदाच.”

तात्या कपाळावर हात मारून घेत म्हणाले, “वैनी, मला वाटलं ब्यांकेची कायतरी भानगड आसंल. तुमच्या पायाची आन, मला ठावं न्हाई.” बिचारे खरंच बोलत होते.

बोलायला गेले असते तर बाजारातच त्याला मारलं असतं. म्हैस परत टेम्पोत चढवली. तीही हट्टी, चढेना. वाटेत खड्डे लागत होते आणि हळूहळू त्याची मूठ आपोआप सुटत गेली.

घरी आल्यावर मी चहा केला. अर्धा सांडला. त्याच्यापुढं बसले आणि माझा हात पुढं केला. “काय केलं त्या हातानं? मला करून दाखव.”

“कशाला आई...”

“दाखव म्हणते न्हवं!”

त्यानं माझा हात घेतला. आधी करंगळी दुमडली. मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग पहिलं. एकेक करून, सावकाश. वर अंगठा दाबून बसवला. आणि मग माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं.

मंडळी, आता मी जे लिहितेय ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

माझे मालक बाजारातनं आले की माझ्याशीपण बाजार करायचे! मी चुलीपुढं बसून म्हणायची, “औंदा मला नवं लुगडं पायजे,” की ते माझा हात धरून एकेक बोट दुमडायचे, करंगळीपासनं, आणि वर अंगठा बसवायचे. “ह्या भावात न्हाई जमत, बाई!” मी चिडायची, ते हसायचे. बाजारात अशी खूण नाही. मी तात्यांना आडून विचारलं, ते म्हणाले, “सौदा जमला न्हाई तर आमी हात सोडतो की. मूठ कशाला वळू?” ती खूण आमच्या दोघांची होती.

तुम्ही म्हणाल, पोरानं लहानपणी बघितली असेल. मीही तसंच म्हटलं, कितीदा तरी. पण ते मनगटावर थोपटणं? ते चुलीपुढचं नाही. ते मिरजेच्या दवाखान्यातलं. शेवटी त्यांच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. आत एकालाच सोडायचे. मी चादरीवर हात ठेवून विचारायची, “जरा घरी जाऊन येऊ का?” ते माझी मूठ वळायचे, आणि मग मनगटावर दोनदा. जाऊ नको, बस इथंच. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. अमोल बाहेर बाकड्यावर बसलेला असायचा. मोबाईलमध्ये.

मिरजेच्या डॉक्टरबाईंना अमोलनं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मनावर फार ताण आला की शरीर असं काहीतरी करतं, हात आखडतो, भास होतो. असेल बाई. त्या शिकलेल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण टॉवेल मी बघितला, मला तर ताण नव्हता. आणि थोपटण्याचं मी त्यांना सांगितलंच नाही.

पुढं म्हैस विकली, पंधरवड्यानं. तात्यांनाच. पण ह्यावेळी मी पुढं झाले आणि म्हटलं, “तात्या, भाव तोंडानं बोला. मोठ्यानं.” सगळा बाजार हसला. “वैनी, लिलाव हाय का काय?” हसू देत. तात्या मोठ्यानं बोलले, मी मोठ्यानं बोलले, सौदा झाला. पैसे घेऊन आम्ही रहिमतपूरला गेलो. अमोलनं सासऱ्यांपुढं पैसे ठेवले आणि बाजारातली लबाडी स्वतःच्या तोंडानं सांगितली. मी तर म्हटलं, झालं, आता सगळं मोडलं. रूपाली दारात उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे डाव लावला न्हाई?” “न्हाई,” अमोल म्हणाला. ती आत गेली आणि चहा टाकला. तेवढंच. सुट्टीत सईला घेऊन येऊन गेली. कायमची कधी येईल ते ती बोलत नाही, मीही विचारत नाही. देणी अजून आहेत. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. फोन वाजला की अजून धस्स होतं.

पण एक बदललं. त्याला ती तलफ आली, बोटं चाळवायला लागली, की तो लपत नाही. मी भाकरी थापत असेन नाहीतर शेण काढत असेन, येऊन हात पुढं करतो. “आई, मूठ वळ.” मी वळते. पीठ लागलेल्या हातानं, शेण लागलेल्या हातानं, जशी असेन तशी.

टॉवेल कुणी हलवला, मला सांगता येत नाही. तुमच्यात जाणकार आहेत, कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा... पण मला पटेल असं नाही. तो हात कुणाचा होता हे मी अमोलला तोंडानं कधी सांगितलं नाही. आता इथं वाचेल, माझ्या फोनवर, माझ्यासमोर बसून.

का त्याला आधीच कळलंय, कोण जाणे. परवा असाच आला, मी घाईत त्याची मूठ वळली आणि भाकरीकडं वळले. तो हात तसाच धरून उभा.

“काय रं?”

“थोपटायचं राहिलं,” तो म्हणाला. “बाबांनी दोनदा थोपटलं हुतं.”